बिळातल्या माशाचं पाणी

अंबरनाथ पूर्वेला आम्ही फ्लॅट घेतला त्या वर्षी लोक हॉलमध्ये शोकेस करून घेत होते. शोकेसमध्ये काचेची बदकं आणि कधीच न वापरायचे कप. आमच्या हॉलमध्ये त्याच जागी खाऱ्या पाण्याची टाकी आली. काच उल्हासनगरहून आली होती. तिथल्या सिंधी दुकानदाराने जन्मभर गोड्या पाण्याच्या टाक्या चिकटवल्या होत्या. खाऱ्या पाण्याची म्हटल्यावर तो म्हणाला, "साईं, इसमें क्या पापलेट पालोगे?" हा विनोद नंतर आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने स्वतःलाच सुचल्यासारखा मला ऐकवला. मी प्रत्येक वेळी हसले, शेजारधर्म म्हणून.

टाकीचं वेड यांचं. हे म्हणजे माझे यजमान. जहाजावर इंजिनखात्यात होते, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर आणि उरलेले घरी. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात, एका ऑफिसात त्यांनी भिंतभर टाकी पाहिली होती. आत जिवंत प्रवाळ, दगडांवर फुलांसारखे हलणारे जीव, रंगीत मासे. तेव्हापासून डोक्यात तेच. जो माणूस वर्षभर समुद्रावर राहतो त्याला घरी आल्यावरही समुद्रच लागावा, याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. मला विचाराल तर मला कूलर हवा होता.

ती नव्वदीनंतरची पहिली वर्षं. अशा टाकीसाठी लागणाऱ्या वस्तू इकडे कुणाला माहीतही नव्हत्या. पाणी माझ्या माहेरून यायचं. माहेर उरणकडे, खाडीच्या काठी. माझा भाऊ ओळखीच्या होडीवाल्याकडून आतल्या समुद्राचं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून आणायचा. वाळू आणि जीव लागलेले दगड मुंबईच्या एका दुकानातून आले. पंप आला, ट्यूबलाइट लागल्या. यांची सगळी रजा त्यातच गेली आणि सगळं जमून आलं तेव्हा निघायला थोडेच दिवस उरले होते. मग एका संध्याकाळी हे मासा घेऊन आले.

प्लास्टिकच्या पिशवीत बोटाएवढा मासा. मातकट अंग, मोठं तोंड, आणि बेडकासारखे वर आलेले डोळे. मी म्हटलं, "एवढ्या खटाटोपानंतर हा आणलात?" हे म्हणाले, "थांब, याचं कौतुक पुढे आहे." दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की हा वाळूत बीळ करून राहतो. तोंडाने वाळू उपसतो, खडे आणि शिंपले आणून बिळाचं तोंड बांधून काढतो, आपल्याकडे विहिरीला कठडा बांधतात तसं. पिशवी पाण्यात सोडली. मासा खाली गेला, एका दगडामागे शिरला आणि दिसेनासा झाला.

हे येता-जाता डोकावत राहिले. बँकेत जाऊन आले, डोकावले. कुणाच्या तरी साखरपुड्याला जाऊन आले, डोकावले. येता-जाता डोकावणाऱ्याला तो दिसत नाही, हे मला पुढे कळलं. निघायचा दिवस उजाडला तरी यांना मासा काही परत दिसला नव्हता. दारात चपला घालताना म्हणाले, "तेवढा मासा सांभाळ हं." मला राग आला. मला कोण सांभाळणार, हे विचारायला तोंड उघडलं होतं, पण खाली रिक्षा उभी होती आणि रिक्षा उभी असताना भांडण काढायचं नाही, एवढं शहाणपण लग्नाच्या इतक्या वर्षांत आलं होतं.

बिल्डिंग नवी होती. निम्म्या फ्लॅटना कुलपं. खिडकीतून पालेगावकडची शेतं दिसायची, त्यांच्यामध्ये एखादी अर्धवट बांधलेली इमारत उभी. सासू-सासरे दिराकडे गावी असायचे. मूल नव्हतं, आणि त्याबद्दल लोकांना जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलून झालं होतं. समोरच्या दारात एक सिंधी आंटी राहायच्या. उल्हासनगरचं घर मुलांना देऊन ते म्हातारा-म्हातारी इकडे आले होते. फोन फक्त त्यांच्याकडे होता. यांचा फोन आला की त्या दार वाजवायच्या. ते सोडलं तर कित्येक दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा तो दूधवाल्याशी, तोही "उद्या अर्धाच."

एकटीसाठी स्वयंपाक करून पाहा म्हणजे कळेल. मूठभर तांदूळ कुकरच्या तळाशी हरवून जातात. भाजी चिरून होते तोवर भूक मरते. मी दोन वेळचं एकदाच करायची आणि उभ्यानेच खायची. ताट घेऊन बसायचं कुणासमोर?

मासा मला पहिल्यांदा नीट दिसला तो वालांमुळे. मोड आलेले वाल सोलायचे म्हणजे तासभर एका जागी बसणं आलं. उजेड टाकीपाशी चांगला, म्हणून मी पाट घेऊन तिथे बसले. हातांखेरीज काही हलत नव्हतं. निम्मे वाल सोलून झाले तेव्हा दगडाच्या कडेला वाळूत एक भोक दिसलं आणि भोकात दोन डोळे. मी हात थांबवले. डोळे वर आले, मग तोंड, मग गळ्यापर्यंतचं अंग. तो मला बघत होता. मग त्याने तोंडभर वाळू आणून बिळाबाहेर फू करून टाकली आणि पुन्हा आत गेला. पुन्हा वर आला, पुन्हा वाळू. मी बसल्या बसल्या हसले. आपल्याच घरात आपल्या हसण्याचा आवाज ऐकून मला कसंसंच झालं. फार दिवसांनी आला होता तो.

तेव्हापासून वाल असोत-नसोत, मी तिथे बसायला लागले. तांदूळ निवडायला तिथे, भाजी निवडायला तिथे, साडीला फॉल लावायला तिथे. बाजारातल्या कोळणीकडून ओला जवळा आणायची आणि चिमटीने थोडा थोडा पाण्यात सोडायची. तो बिळातून सरळ वर यायचा, पाण्यात उभ्याउभ्याच जवळा टिपायचा आणि शेपटीकडून मागे मागे बिळात उतरायचा. वळायचा नाही. घरात पाठ करून शिरायची त्याची रीत. तिसऱ्या केल्या की मी शिंपले धुऊन, उकळून, बारीक फोडून टाकीत टाकायची. मग तो बाहेर यायचा, एकेक तुकडा तोंडात धरून पाहायचा, नको असला तर लांब नेऊन टाकायचा. मी दिलेलं अर्धंअधिक सामान तो नाकारायचा. सासरची माणसं बरी, असं मी त्याला म्हटलेलं आठवतं. हो, मी त्याच्याशी बोलायची. आधी मनात, मग मोठ्याने. आंटींनी एकदा दारातून ऐकलं आणि विचारलं, "कोई आया है क्या?" मी म्हटलं, "नहीं आंटी, अकेली हूँ."

शुक्रवारी कारखाने बंद आणि दुरुस्तीच्या नावाखाली वीजही बंद. पंप थांबला की मासा गुदमरणार. मग मी तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडत बसायची, वीज येईपर्यंत. हात भरून यायचे. शुक्रवारी मी कधी कुठे गेले नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं पाण्यावरच आहे. माझं माहेर मिठागराचं. वाफ्यांत खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हात तापवत तापवत आटवायचं आणि शेवटी मीठ ओढायचं, हे बघत मी मोठी झाले. बाबा पाण्यात करंगळी बुडवायचे, जिभेला लावायचे, थुंकायचे आणि सांगायचे, अजून दोन उन्हं. ते दोन उन्हं म्हणाले की दोनच. तेव्हा टाकीतलं आटतं ते नुसतं पाणी, मीठ जागच्या जागी राहतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी यांनी मला ते कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मी ऐकून घेतलं. आटेल तेवढं नळाचं पाणी, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, वरून घालायचं. बास.

खारटपणा मोजायला यांनी काचेची एक तरंगणारी नळी आणली होती. ती माझ्या हातून मोरीत धुताना फुटली. उल्हासनगरच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "दूध नापने का चलेगा?" मग मी नळीचा नाद सोडला आणि करंगळी बुडवायला लागले. रोज सकाळी, चहाच्या आधी, कारण चहाने जीभ बिघडते. हे मध्ये एकदा रजेवर आले तेव्हा नवी नळी घेऊन आले होते. त्यांनी पाणी मोजलं, नळी हव्या त्या खुणेवर. पुन्हा मोजलं, पुन्हा तिथेच. "कसं जमवलंस?" मी करंगळी दाखवली. ते म्हणाले, "शी." पण खूश होते. त्या खेपेला ते अवघे काही दिवस होते आणि मासा त्यांना दिसला नाही. मी म्हणायची, "अहो, तासभर बसा माझ्याबरोबर, येईल तो वर." ते बसायचे आणि पाय हलवायचे. इंजिनात राहणाऱ्या माणसाला गप्प बसणं जमत नाही. जाताना नवी नळी चुकून त्यांच्याच बॅगेत गेली. माझं काही अडलं नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मला कावीळ झाली. आमच्या भागात काविळीला कधी तोटा नव्हता, नळाला येईल ते पाणी पिणारे आम्ही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, पडून राहा म्हणाले. नेमका भाऊ पाण्याचे कॅन घेऊन आला आणि माझे डोळे बघून दारातच थांबला. दुसऱ्या दिवशी तो मला बदलापूरच्या पुढे, बारवीकडच्या एका पाड्यावर घेऊन गेला. तिथली एक म्हातारी काविळीवर मुळी द्यायची. डॉक्टरच्या गोळ्या आणि पाड्यावरची मुळी, दोन्ही करायचं, ही आमच्याकडची रीत. न जाणो कोणाचा गुण येईल. म्हातारीने मुळी ताकात उगाळून पाजली, सोबत बांधून दिली आणि पथ्य सांगितलं. तेल नाही, हळद नाही आणि मीठ नाही. "मिठाचा खडा तोंडात गेला तं औशीद वाया," ती म्हणाली. मिठागरवाल्याची मुलगी मी, मला मीठ बंद.

घरी परत आल्यावर भाऊ म्हणाला, "कपरे भर. चल घरा. आय वाट बगते."

मी म्हटलं, "टाकी कोण बघणार?"

"माशाच्या पायी मरशील काय गो? येरी झालीस काय तू?"

"तू पाणी आणून दे. मी बघते माझं."

तो घरभर फिरला, कुणाला तरी मारायचं असल्यासारखा. मग आंटींकडे गेला. टाकी थोडे दिवस बघाल का, म्हणून विचारलं. आंटींनी हात जोडले. "बेटा, मेरे से तो तुलसी भी नहीं बचती." तो कॅन ठेवून एकटाच परत गेला.

मी राहिले ते माशासाठी राहिले. लोक म्हणतात, काहीतरी वेगळंच कारण असेल. नव्हतं. माहेरी आईने, वहिनीने सगळं केलं असतं. पण तिथे प्रत्येक माणूस विचारणार, जावई कुठे आहेत, कधी येणार, आणि तुझं असं कसं. इथे सकाळी उठले की कुणीतरी बिळातून मान काढून माझी वाट बघायचं. ते एकच होतं माझ्याकडे, ते टाकून मला जाववेना. हसायचं तर हसा.

यांना मी कावीळ कळवली नाही. जहाजावरून माणूस येऊ शकत नाही, नुसता झुरतो. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

अळणी जेवण पहिले काही दिवस घशाखाली उतरत नाही. पेज म्हणजे नुसतं गरम पाणी, फोडणीशिवायची मुगाची डाळ म्हणजे शिक्षा. मग हळूहळू जीभ शांत होते. भाताला स्वतःची गोडी असते हे कळतं. दुधीसुद्धा चवदार लागायला लागतो. मला वाटलं, सवय झाली. आंटी रोज दारातून विचारून जायच्या, कधी फळं ठेवायच्या. बाकी दिवसभर मी टाकीसमोर सतरंजी टाकून पडलेली असायची. काचेत माझाच चेहरा दिसायचा, हळदीच्या डागासारखा, आणि त्याच्यामागे तो.

एका सकाळी करंगळी जिभेला लावली आणि अंगावर शहारा आला. खारट, कडू वाटावं इतकं खारट. मी म्हटलं, आजारपणात लक्ष राहिलं नाही, पाणी आटलं असणार. तसं ते थोडं आटलंही होतं. बादलीतलं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी मगाने टाकीतलं पाणी काढून त्याजागी साधं पाणी घालायला लागले. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तरी रोज थोडं थोडं बदलत गेले. माझा जिभेवर विश्वास होता. बाबांच्या जिभेने कधी वाफा बिघडवला नव्हता.

दगडावरचे जीव मिटायला लागले. जे फुलासारखे हलायचे ते आखडून बटणाएवढे झाले आणि मग त्यांचा चिकट लगदा झाला. पाण्याला वास येऊ लागला. आणि मासा बिळाबाहेर आला. जवळ्यासाठी नाही, नुसताच. वाळूवर उघड्यावर पडून राहायला लागला, कल्ले भराभर हलवत. जो दारातून पाठ करून आत जायचा तो घर सोडून अंगणात पडून. मी काचेला तोंड लावून त्याला म्हणाले, "थांब हं, अजून थोडं गोडं पाणी घालते. बरं वाटेल." आणि घातलं.

पथ्य सुटलं त्या दिवशी मी तुरीच्या डाळीची आमटी केली. किती दिवसांनी मीठ घातलं, चाखलं, पुरेसं होतं. किंचित जास्तच झालं असं वाटलं. आंटींनी इतके दिवस विचारपूस केली म्हणून वाटीभर त्यांना देऊन आले. थोड्या वेळाने त्या वाटी हातात घेऊनच आल्या.

"बेटी, परहेज छूट गया ना तेरा? फिर नमक क्यों नहीं डाला?"

"डाला है, आंटी."

"कहाँ डाला है? बिलकुल फीकी है."

मी त्यांच्यासमोर पुन्हा चाखली. मला ती खारट लागत होती. मी आंटींच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचा हात धरून मी त्यांना टाकीपाशी नेलं. "आंटी, इसमें उँगली डालो और चखो."

"मछली का पानी? मुझे चटाएगी?"

"आंटी, हात जोडती हूँ."

त्यांनी पदर सावरला, बोट बुडवलं, डोळे मिटून जिभेच्या टोकाला लावलं. "है, नमक है," त्या म्हणाल्या. "जितना दाल में होता है."

आमटीत असतं तेवढं. समुद्र आमटीपेक्षा कितीतरी खारट असतो, आणि मी तो रोज गोडा करत आले होते. महिनाभर अळणी खाऊन माझी जीभ कोऱ्या पाटीसारखी झाली होती आणि तिला मिठाचा कणसुद्धा डोंगराएवढा वाटत होता. मुळात पाण्याला काही झालं नव्हतं. झालं होतं ते मला, आणि मला ते कळायला मार्ग नव्हता. नवरा जेवताना "मीठ कमी आहे" म्हणतो म्हणून बायका कुरकुरतात. मला ते म्हणणारं कुणी नव्हतं. घरात दुसरी एक जीभ असती तर पहिल्याच सकाळी तिला विचारलं असतं, बघ रे जरा चाखून. आंटींसमोर मी रडले. काविळीत रडले नव्हते, तेव्हा रडले. त्या म्हणत होत्या, "अरे, दाल ही तो है."

भाऊ ठेवून गेला होता तो कॅन उघडला आणि त्या दिवसापासून समुद्राचं पाणी थोडं थोडं घालत गेले. एकदम घालता येत नाही, माशाला झेपत नाही. पण उशीर झाला होता. दगडावरचे जीव मरून पाणी नासलेलं होतं, ते बदलून बदलून किती बदलणार. मासा एकदा स्वतःच्या बिळापर्यंत गेला, तोंडात एक शिंपला धरला आणि सोडून दिला. एवढं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बिळाच्या काठावर आडवा पडलेला होता आणि कल्ले हलत नव्हते. मासे साफ करण्यात माझा जन्म गेला, आणि तो बोटभर मासा मला उचलवेना. शेवटी बदामाच्या पानात गुंडाळून खाली कंपाउंडच्या कडेला पुरला. वॉचमनने विचारलं, "काय लावताय, भाभी?" मी म्हटलं, "काही नाही."

त्याच आठवड्यात यांचा फोन आला. आंटींच्या हॉलमध्ये टीव्ही चालू, अंकल सोफ्यावर. फोनमध्ये खरखर. यांनी पहिलं विचारलं, "मासा कसा आहे?" मी म्हटलं, "गेला." हे म्हणाले, "जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नकोस. आलो की दुसरा आणू." मला कावीळ झाली होती, हे ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लाइन कटली. अंकलनी मान वळवून विचारलं, "सब ठीक?" मी म्हटलं, "सब ठीक."

हे घरी आले ते थंडीत. मी टाकी मोडली नव्हती. पाणी बदलून स्वच्छ केलं होतं, पंप चालू ठेवला होता. दगड उघडे पडलेले, वाळू रिकामी. पण बीळ तसंच होतं. कठडा जागच्या जागी, त्याने निवडून लावलेले तिसऱ्यांचे तुकडे एकावर एक. मी सकाळी भाजी निवडायला अजूनही तिथेच बसायची.

आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी हे बाही वर करून टाकीशी उभे राहिले. नव्या माशाचा बेत चालला होता. म्हणाले, "आधी वाळू सपाट करून घेऊ, म्हणजे त्याला मोकळी जागा मिळेल." आणि हात आत घातला. कठड्याचे दोन शिंपले घसरून बिळात पडले.

"हात काढा," मी म्हटलं.

"अगं, भोकच तर आहे."

"हात काढा म्हणते ना."

माझा आवाज चढलेला ऐकून ते वळले, पण हात पाण्यातच. मग मी थांबले नाही. म्हटलं, त्या भोकासाठी मी इथे राहिले. भाऊ न्यायला आला होता, त्याच्यासोबत गेले नाही. डोळे पिवळे, पायात जीव नाही, तरी तांब्याने पाणी ओतत बसले. कावीळ अंगावर घेऊन बसले मी इथे.

हे म्हणाले, "कावीळ? कोणाला?"

"मला," मी म्हटलं. "या घरात दुसरं कोण असतं?"

त्यांनी हात बाहेर काढला. कोपरापर्यंत ओला, फरशीवर पाणी ठिबकत होतं, पुसायचं त्यांना सुचलं नाही. मग विचारायला लागले. कधी झाली, डॉक्टर कोणता, किती वाढली होती, काय खात होतीस, जेवण कोण करायचं, रात्री कोण असायचं. एकेक प्रश्न बरोबर होता. मी एकेकाचं उत्तर दिलं. मला कळवलं का नाहीस, विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कळवून काय केलं असतंत?" वाईट माणूस नाही तो.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ टाकीसमोर बसले. पाय हलवले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कसा होता गं तो? मी नीट पाहिलाच नाही."

मी सांगायला लागले. वर कसा यायचा, वाळू फू करून कशी टाकायचा, शिंपला नाकारायचा तेव्हा लांब नेऊन कसा ठेवायचा, मागच्या मागे घरात कसा उतरायचा. मी सतरंजीवर पडलेली असताना बिळातून मान काढून किती वेळ माझ्याकडे बघत राहायचा. हे ऐकत होते, मान हलवत होते, रिकाम्या बिळाकडे बघत होते. इतकी वर्षं मला एवढंच हवं होतं, त्यांनी तासभर माझ्याशेजारी बसावं. ते बसले होते आणि मला दिसत होतं की त्यांना काही दिसत नाहीये. तो मासा या जगात मी एकटीने नीट पाहिला होता. आणि काविळीच्या त्या दिवसांत मी कशी होते, ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहणारा तोच एकटा होता. आता दोघांचंही मी सांगेन तेवढंच उरलं.